गाळलेल्या जागा

खळी नापास झाली यावर वर्गात कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि तिचा स्वतःचा तर अजिबातच नाही.

तिचे आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर. तिला ऐकू येत होतं. घरात बोलणं चालायचं ते हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी. तोंडाने बोलायला ती शेजारच्या मावशीकडे शिकली. हातांनी बोलणाऱ्या माणसांत प्रत्येकाला एक खूण चिकटते आणि तेच त्याचं नाव होतं. गालावर बोट टेकवून जरासं फिरवलं की ती. म्हणून ती खळी. पुढे ऐकू येणारे लोकही तिला तसंच म्हणायला लागले.

दुभाषी होण्याच्या अभ्यासक्रमाला तिने नाव घातलं तेव्हा बाकीचे विद्यार्थी मुळाक्षरांपासून खुणा गिरवत होते. खळी मागच्या बाकावर पाय लांब करून बसायची. मॅडम एखादी खूण दाखवायच्या, की ही मागून म्हणायची, "मॅडम, असं कुणी करत नाही. पुस्तकी वाटतं." मॅडम हसण्यावारी न्यायच्या. वर्गातले सगळे अडलं की हिच्याकडे यायचे, आणि हीसुद्धा कुणाला नाही म्हणायची नाही.

सर्वांत जास्त यायच्या त्या ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या, वर्गात वयाने सगळ्यात मोठ्या. त्यांचे हात ओल्या कपड्यांत चालल्यासारखे चालायचे. एक वाक्य पुरं करेपर्यंत समोरच्याला जांभई यायची. पण चुकलं की थांबायच्या, "चुकलं, परत सांगते," असं सांगायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायच्या. खळीला त्यांची दया यायची. या बाई कधीच पास होणार नाहीत, असं तिने घरी आईला सांगूनही टाकलं होतं.

निकाल लागला तेव्हा ऑपरेटरबाई पास आणि खळी नापास.

लेखी परीक्षेत ती बरी होती. गेली ती प्रात्यक्षिकात. तडक मॅडमच्या खोलीत जाऊन ती उभी राहिली.

"मॅडम, काहीतरी घोळ झालाय. कुणाचे तरी गुण मला लागलेत."

"घोळ नाही. बस," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलंच होतं तू येशील. म्हणून सरांनाही थांबवून घेतलंय."

सर म्हणजे त्या दिवशीचे परीक्षक. कर्णबधिर मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे, स्वतःही कर्णबधिर. परीक्षेत त्यांनी पेशंटची भूमिका केली होती आणि नाटकात कामं करणारे एक गृहस्थ डॉक्टर झाले होते. मॅडमनी परीक्षेचं रेकॉर्डिंग लावलं.

पडद्यावर खळी झकास दिसत होती. हात कसे पाण्यासारखे वाहत होते. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. पडद्यावरचे डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "या लोकांना वेळेवर यायला काय होतं कोण जाणे." खळीचे हात मांडीवरच राहिले. मग डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे. साधी असेल, नसेलही. तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही." खळीने खूण केली: छोटी गाठ आहे, तपासू, काळजी नको. पेशंटने विचारलं, कॅन्सर आहे का? तिने डॉक्टरांना न विचारताच मान हलवून नाही म्हटलं. पेशंटने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा परस्पर उत्तर दिलं, जरा हसून, धीर देत.

सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. त्यांचे हात शांतपणे चालत होते.

"डॉक्टर उशिराबद्दल काय म्हणाला?"

"ते काही महत्त्वाचं नव्हतं," खळीने हातांनी सांगितलं. "उगाच तुला वाईट वाटलं असतं."

खुणांच्या भाषेत अहो-जाहोची भानगड नसते. समोर बोट केलं की झालं.

"ते मला म्हटलेलं होतं," सर म्हणाले. "म्हणजे ते माझं. माझी वस्तू तू कुठे ठेवलीस?"

खळी पडद्यावरच्या स्वतःच्या हातांकडे बघायला लागली.

"आणि 'नसेलही' हा शब्द? तोही माझाच होता. त्या एका शब्दावर मी ठरवलं असतं, उद्याच तपासायला जायचं की महिनाभराने. तू ठरवलंस माझ्यासाठी."

"मी मदतच करत होते!"

"हो," सर म्हणाले. "दिसत होतं ते. मला कडेवर घेतलं होतंस."

खळी उठून बाहेर आली. जिन्यात ऑपरेटरबाई पेढीवरच्या कारकुनासारख्या चष्मा नाकावर ओढून निकालपत्र वाचत उभ्या होत्या. तिला बघून त्यांचा चेहरा पडला. खळी त्यांच्याशी न बोलताच खाली उतरली.

घरी आई-बाबांनी एकदमच भुवया उंचावल्या. काय झालं?

"निकाल पुढे ढकललाय," खळीने सांगितलं. हातांना जराही अडखळायला झालं नाही.

आईचं बाजाराच्या रस्त्यावर छोटं दुकान होतं. पॅन्टची उंची कमी करणं, चेन बदलणं, फाटलेलं अस्तर शिवणं अशी कामं. काउंटरवर गिऱ्हाइकांसाठी पाटी आणि खडू ठेवलेला असायचा. आठवडाभराने त्या दुकानात ऑपरेटरबाई आल्या, एक जुना कोट घेऊन. पाटीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पर्स बाजूला ठेवली, हात मोकळे केले आणि आपल्या त्या संथ चालीने सांगायला सुरुवात केली. कोटाच्या बाह्या आखूड करायच्या आहेत. मी तुमच्या मुलीच्या वर्गात होते. ती नापास झाली, मला फार वाईट वाटलं. तिने मला खूप शिकवलं. मी पास झाले, हे मला अजून बरोबर वाटत नाही.

मधे एक खूण चुकली, तर 'चुकलं, परत सांगते' म्हणून 'नापास' हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला.

त्या संध्याकाळी खळी घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिने हातातलं फडकं ठेवलं, खळीला दिव्याखाली उभं केलं, म्हणजे हात नीट दिसतील, आणि म्हणाली, "नापास झालीस."

"कुणी सांगितलं?"

"तू नाही सांगितलंस."

खळीने मग सगळं सांगितलं. डॉक्टर, गाठ, सर, कडेवर घेणं. सांगताना तिचा राग पुन्हा वर आला. तो गणिताचा मास्तर स्वतःला काय समजतो. मी काय मुद्दाम केलं? आई शेवटपर्यंत बघत राहिली. मग तिने पाय आपटून जमीन हादरवली. बाबांना हाक मारायची घरातली हीच रीत होती. बाबा बाहेरच्या खोलीतून आले.

बाबा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशकाम करायचे. खळी सातवीत असताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी दुखावली होती. ती मग वाकडीच राहिली. त्यामुळे बाबांचं बोलणं बोबडं झालं होतं. त्यांनी 'तू' म्हटलं की बोट समोरच्याऐवजी जरा खाली, त्याच्या पोटाकडे जायचं. मित्र त्यावरून त्यांची थट्टा करायचे.

"हिला बोटाचं सांग," आई बाबांना म्हणाली.

बाबांनी मान हलवली. नको.

"मग मी सांगते." आई खळीकडे वळली. "बोटाच्या वेळी दवाखान्यात आम्ही तुला घेऊन गेलो होतो. डॉक्टर बराच वेळ बोलला. तू आम्हाला दोन शब्द सांगितलेस. बरं होईल."

तिला ती खोली आठवत होती. डॉक्टर म्हणाले होते, आतली शीर तुटली आहे, बोट आता सरळ होणार नाही. "सांगशील ना व्यवस्थित?" असंही म्हणाले होते. आणि बाबा तिच्याकडे बघत होते.

"डॉक्टरचा चेहरा मी बघत होते," आई म्हणाली. "बरं होईल असं सांगताना कुणी तसा चेहरा करत नाही. मला तेव्हाच कळलं. पण मीही गप्प बसले. म्हटलं, पोरीने एवढं पेललंय, कशाला तोंडघशी पाडायचं. हा मात्र वर्षभर रोज तेल चोळत बसला."

"नंतर कारखान्याच्या डॉक्टरने बोट दाबून बघितलं आणि मान हलवली," बाबा म्हणाले. "तेवढं समजायला दुभाषी लागत नाही."

"मी लहान होते!" खळीचे हात एकमेकांवर आपटले.

"हो," आई म्हणाली. "तुला न्यायलाच नको होतं. आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तू लहान होतीस. परीक्षेत किती वर्षांची होतीस?"

खळी रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आईने ठेवला नाही. आईने पुन्हा फडकं उचललं आणि उरलेली भांडी पुसायला घेतली. थोड्या वेळाने तिने न वळता एक ताट मागे धरलं, आणि खळीने ते घेऊन फळीवर ठेवलं. त्या रात्रीचं भांडण तिथे संपलं.

पुढच्या सत्रात खळी पुन्हा वर्गात बसली, नव्या मुलांबरोबर, या वेळी पुढच्या बाकावर. लाज वाटायची. नव्या मुलांना ती कोण हे ठाऊक होतं, आणि हात एवढे सफाईदार असून ही इथे काय करतेय हे विचारायची सोय नव्हती. तरी काहींनी विचारलंच. "नापास झाले," खळी सांगायची. पहिल्यांदा तिने खाली बघून सांगितलं. नंतर सवय झाली.

तिला सगळ्यात जड गेलं ते 'मी' म्हणणं. डॉक्टर म्हणाला 'मला वेळ नाही', तर दुभाषाने 'डॉक्टरांना वेळ नाही' असं नाही म्हणायचं, 'मला वेळ नाही' असंच म्हणायचं. दुसऱ्याच्या उद्धटपणाला आपला हात द्यायचा. खळीचे हात तिथे आपोआप मऊ पडायचे. 'वेळ नाही'चं 'जरा घाई आहे' व्हायचं. तिच्या लक्षातही यायचं नाही. मॅडम टेबलावर पेन्सिल आपटायच्या आणि ती पुन्हा पहिल्यापासून करायची.

शेवटी ती ऑपरेटरबाईंकडे गेली. जिन्यात तोंड फिरवून गेल्याबद्दल माफी मागितली.

"अगं, मला नोकरीत लोकांनी इतक्या शिव्या दिल्यात की न बोलता जाणारं माणूस मला सज्जनच वाटतं," बाई म्हणाल्या. "आत ये."

"तुम्हाला कसं जमतं, बाई? काहीच न गाळता?"

"मला गाळता येत नाही, म्हणून जमतं. गाळायला आधी पूर्ण वाक्य डोक्यात असावं लागतं. माझी तिथंच बोंब. एक शब्द हातात आला की तो पुढे ढकलायचा, मग पुढचा. तुझं डोकं जोरात पळतं, ते मधेच वाटेत निवडत बसतं."

मग दोघींनी ठरवलं. खळी बाईंचे हात मोकळे करून देणार आणि बाई खळीला शिव्या देणार. बाईंच्या बैठकीच्या खोलीत, खिडक्या लावून, तालीम सुरू झाली. एक्स्चेंजमध्ये ऐकलेली सगळी भांडणं बाईंना तोंडपाठ होती. नवरा-बायकोची, भागीदारांची, घरमालक-भाडेकरूंची. त्या खुर्चीत ताठ बसून, शांत चेहऱ्याने, ठणठणीत आवाजात सुरू करायच्या, "बेशरम माणसा, तुझ्या तोंडाला कुणी तरी शिवण घाला," आणि खळीने ते शब्दनशब्द हातांवर उतरवायचं. सुरुवातीला खळीला हसू आवरायचं नाही. मग एके दिवशी ती हसली नाही. तिचा चेहरा रागाने लाल झाला, हात बाईंवर तुटून पडले. बाई बोलता बोलता थांबल्या.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "मला खरंच लागलं ते."

त्याच सुमारास कारखान्यात कुरबूर सुरू झाली. मालक हाताचं पॉलिशकाम बंद करून यंत्राने फवारा मारणार होते. त्यांनी बाबांना भेटायला बोलावलं. अशा भेटींना खळीच जायची, शाळेत होती तेव्हापासून. बाबांनी तिला तारीख सांगितली.

"मी नाही येणार," खळी म्हणाली. "तू माझा बाप आहेस. मला तिथे नीट काम करता येणार नाही. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते."

बाबांना ते मुळीच आवडलं नाही. ऑपरेटरबाईंना पाहून तर आणखीच नाही. कारखान्याच्या फाटकाशी बाईंनी त्यांना विचारलं, "मालकांना मी अहो म्हणू की अरे?" खुणांत तसा प्रश्नच येत नसल्याने बाबांना आधी तो कळला नाही. कळल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला. "अहो म्हण. पण तोंड वाकडं करून."

खळी बाहेर लाकडाच्या फळ्यांच्या ढिगावर बसून राहिली. काचेतून तिला बाबांचे हात दिसत होते, म्हणजे निम्मं संभाषण कळत होतं. तिने पाठ फिरवली. तिच्यासाठी ते फार अवघड होतं. आत मालकाचा आवाज चढला, मग बाईंचा संथ, खणखणीत आवाज आला, "तुम्हाला पॉलिशमधलं ओ की ठो कळत नाही, आणि हे मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतोय."

खळीने डोळे मिटले. खरंच, बाबा ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. दर वेळी तिने मालकांना सांगितलं होतं, "बाबा म्हणतात, तुम्ही म्हणाल तसं."

बाबा बाहेर आले ते घामाघूम, कान लाल.

"ती बाई कासव आहे," ते म्हणाले. "एकेका वाक्याला माझा राग थंड होत होता."

"काय ठरलं?"

"मशीन येणारच. मालक म्हणाला, तुझ्या हाताला आता पूर्वीची सफाई नाही. तोंडावर म्हणाला." बाबांनी आपल्या वाकड्या बोटाकडे पाहिलं. "खरं आहे ते. मग मी त्याला म्हटलं, मशीनने पाय आणि कोपरे नीट होत नाहीत, ते कोण करणार? त्याला हे माहीतच नव्हतं. कोपऱ्यांचं काम माझ्याकडे ठेवलंय. पगार कमी करणार आहे. उद्या परत भांडायला जायचंय." आणि मग कासवाकडे बोट करून, "हिलाच घेऊन जाईन."

मालक दारापर्यंत आले होते. ते खळीला म्हणाले, "तुझे वडील इतके तापट असतील असं कधी वाटलं नव्हतं मला. इतकी वर्षं आहेत, कधी शब्दाला शब्द नाही." खळीने बाबांकडे वळून ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. बाबा मालकांकडे बघून खूश झाल्यासारखे हसले.

दुसऱ्या वेळची परीक्षा तशी साधी झाली. एक शिक्षिका आणि एका कर्णबधिर मुलाचे वडील. गणिताचे सरच वडील झाले होते. मधे शिक्षिका भराभर बोलत गेली आणि खळीचा एक आकडा सुटला. पूर्वी तिने अंदाजाने ठोकून दिला असता. आता तिने हात वर केला. "दुभाषी म्हणून बोलतेय, माझ्याकडून सुटलं, पुन्हा सांगाल का?" शिक्षिकेने पुन्हा सांगितलं. शेवटी शिक्षिका म्हणाली की घरीच लक्ष नसेल तर आम्ही काय करणार. खळीने तेही सांगितलं, भुवया आवळून, अगदी त्याच सुरात. सरांचा चेहरा उतरला, आणि ते नाटक होतं की खरं हे तिला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

ती पास झाली, पण वर्गात पहिली काही आली नाही. गुणपत्रिकेवर सरांनी शेरा मारला होता, 'अजून अधूनमधून धीर देते.' आईने तो वाचला, आणि तेवढ्यावर ती मनसोक्त हसली.

खळीचं पहिलं काम एका गॅरेजच्या अंगणात झालं. एका तरुण कर्णबधिर सुताराला सामान वाहायला जुनी व्हॅन घ्यायची होती. विकणारा माणूस गोडबोल्या, पोट सुटलेला, दर वाक्यामागे बोनेटवर थाप मारणारा. गाडी एकाच मालकाच्या हातात राहिलेली आहे. अपघात कधी नाही. इंजिन अजून नवीनच समजा. खळी सांगत होती, थापेसकट. बोलताना त्या माणसाची नजर कुठे कुठे पळतेय हे तिला दिसत होतं. या पोराला सावध करावं. एक भुवई हलवली तरी पुरे होती.

सुताराने व्हॅनभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, उठला आणि खळीकडे तोंड करून विचारलं, "हा खोटं बोलतोय का?"

खळी विकणाऱ्याकडे वळली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताय का?"

विकणाऱ्याचा हात बोनेटवर तसाच राहिला. "कोण, मी? अहो, हे काय बोलताय तुम्ही, बाई?"

खळीने ते सुताराला सांगितलं, बाईसकट. सुतार आधी दचकला. मग त्याच्या लक्षात आलं की इथे आपलं प्रत्येक वाक्य पलीकडे पोचतंय. तो खळीकडे बघायचा थांबला आणि सरळ त्या माणसाकडे वळला.

"मग बोनेट उघड," तो म्हणाला, "आणि हा डाव्या बाजूचा पत्रा कधी बदललास ते सांग."

"मग बोनेट उघडा," खळी म्हणाली, "आणि हा डाव्या बाजूचा पत्रा कधी बदललात ते सांगा."

विकणारा डोकं खाजवत किल्ली शोधायला लागला.